नदीपलीकडचा कबड्डीपटू : अस्लम इनामदार

(इयत्ता ४ थी. विभाग : खेळ व खेळाडू)



आपल्या वैजापूर तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी नदी आहे. नदीत सराला बेट आहे. तिथे आपल्यातले पुष्कळ जण दर्शनाला गेलेले आहेत. नदी ओलांडली की श्रीरामपूर तालुका लागतो आणि जिल्हाही बदलतो. तो अहिल्यानगर जिल्हा, आधी त्याला अहमदनगर म्हणत. त्या तालुक्यात श्रीरामपूरहून नेवाशाला जाणाऱ्या रस्त्यावर टाकळीभान नावाचे गाव आहे. या गावातला एक मुलगा कबड्डी खेळत खेळत भारताच्या संघात गेला आणि पुणेरी पलटण या मोठ्या संघाचा कप्तान झाला. त्यांचे नाव अस्लम इनामदार. ते वयाने मोठे आहेत आणि शेजारच्या तालुक्यातले आहेत, म्हणून मी त्यांना अस्लमदादा म्हणणार आहे.

गुरुजींनी सांगितले होते की प्रत्येकाने एका खेळाडूची माहिती लिहावी. वर्गात बहुतेकांनी सचिन तेंडुलकर घेतला. चार-पाच जणांनी विराट कोहली घेतला. एकाने खाशाबा जाधव घेतले. कबड्डीचा खेळाडू कोणीच घेतला नाही, आणि मधल्या सुट्टीत मात्र सगळे कबड्डीच खेळतात! मला याचे नवल वाटले.

दुसरे कारण असे. आमच्या मैदानाशेजारी पार आहे. तिथे बसणारी मोठी माणसे आम्हाला म्हणतात, "कबड्डी खेळून काय भेटतं? कपडे फाटतात आन् गुडघे फुटतात." त्यांचे म्हणणे मी वहीत लिहून घेतले. काय भेटतं आणि गुडघ्याचं काय होतं, या दोन्ही गोष्टी मी शोधल्या. ज्या खऱ्या आहेत त्या खाली लिहिते. कपड्यांचे सोडून दिले, कारण ते फाटतात हे सगळ्यांना माहीत आहे.

आधी थोडे खेळाविषयी.

माझी आजी कबड्डीला हुतूतू म्हणते. ती लहान असताना मुले नदीच्या वाळूत किंवा खळ्यावर खेळत, आणि रेष काठीने ओढत. मोठ्या स्पर्धांमध्ये आता माती नसते, रबरासारखी जाड चटई असते. तिला मॅट म्हणतात. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मधोमध मध्यरेषा. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते. चढाई करणाऱ्याने ती ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तो बाद. त्याच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. गुरुजींनी टेप धरून आम्हाला मोजून दाखवले. मध्यरेषेपासून बोनस रेषा ४.७५ मीटर आणि शेवटची रेषा ६.५० मीटर. म्हणजे बोनस रेषेच्या मागे फक्त पावणेदोन मीटर जागा राहते. फळ्यापासून गुरुजींच्या खुर्चीपर्यंत असते तेवढी. तेवढ्यात सात धिप्पाड माणसे उभी असतात!

मैदानाच्या दोन्ही कडांना एक-एक मीटरची पट्टी असते. तिला लॉबी म्हणतात. चढाई करणारा आणि पकडणारे यांचा एकमेकांना स्पर्श झाला तरच या पट्टीत जाता येते. स्पर्श नसताना पाय पडला तर बाद. ही पट्टी नीट लक्षात ठेवा. पुढे चीन देशात याच पट्टीवरून मोठे भांडण झाले, ते मी सांगणार आहे.

एका चढाईला ३० सेकंद मिळतात. तेवढा वेळ "कबड्डी, कबड्डी" म्हणत राहायचे. ज्याला शिवून परत आलो तो बाद. आपल्याला धरले तर आपण बाद. समोर सहा किंवा सात गडी असले तरच बोनसचा गुण मिळतो. सगळा संघ बाद केला की लोण, त्याचे आणखी दोन गुण. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. टीव्हीवर याला "करो या मरो" म्हणतात.

मला या खेळात एक गोष्ट फार आवडते. क्रिकेटमध्ये आऊट झालेला फलंदाज त्या डावात परत येत नाही. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो, पण आपल्या संघाने समोरचा एक गडी मारला की आपला एक गडी उठून आत येतो. आजीच्या भाषेत, मेलेला गडी जिवंत होतो. तो स्वतःच्या ताकदीने जिवंत होत नाही, दुसऱ्याने गुण आणावा लागतो. अस्लमदादांची माहिती वाचताना मला सारखे हेच आठवत होते, कारण तेही मधून मधून बाहेर बसलेले दिसतात.

कबड्डीचा इतिहास मोठा आहे, पण जागा कमी म्हणून दोनच ओळी. १९३६ साली जर्मनीत बर्लिनला ऑलिंपिक झाले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी तिथे कबड्डी करून दाखवली होती. शंकरराव साळवी म्हणजे बुवा साळवी यांनी हा खेळ देशभर पोहोचवण्यासाठी फार कष्ट केले. त्यांचा जन्मदिवस १५ जुलै हा महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

१९९० पासून आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डी आहे. आपल्याला वाटते की हा खेळ फक्त आपणच खेळतो, पण तसे नाही. इराण, कोरिया, थायलंड एवढेच नाही तर जपानही खेळतो. २०१० साली जपानच्या पुरुष संघाने आशियाई स्पर्धेत ब्राँझ पदक मिळवले होते.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. प्रो म्हणजे ज्याला खेळाचा पगार मिळतो तो. आपल्या महाराष्ट्राचे त्यात दोन संघ आहेत. एक यू मुंबा आणि दुसरा पुणेरी पलटण. सामने टीव्हीवर दिसायला लागले आणि गावोगावची मुले रात्री बघायला लागली. आमच्या गल्लीत तर जेवण लवकर आटोपतात.

अस्लमदादा पुणेरी पलटणकडून पहिल्यांदा खेळले ते आठव्या हंगामात. हा हंगाम डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. तेव्हा कोरोनाची साथ होती म्हणून सगळे सामने बंगळूरला एकाच ठिकाणी झाले आणि प्रेक्षकांना आत सोडले नाही. म्हणजे नव्या खेळाडूचा पहिलाच हंगाम आणि टाळ्या वाजवायला कोणी नाही. तरी त्यांनी चांगला खेळ केला. त्यांच्याबरोबर मोहित गोयत हाही तरुण खेळाडू होता. दोघांची जोडी जमली. अस्लमदादा चढाई तर करतातच, पण पकडही करतात. अशा खेळाडूला अष्टपैलू म्हणतात. आमच्या वर्गात चढाईला सगळे पळत जातात. पकडीला कोपऱ्यात उभे राहायला कोणी तयार नसते, कारण तिथे लागते.

नवव्या हंगामात, म्हणजे २०२२ साली, पुणेरी पलटण अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. तेव्हा कप्तान इराण देशाचे फझल अत्राचली होते. पण अंतिम सामन्याच्या वेळी अस्लमदादा आणि मोहित गोयत दोघेही दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत सामना झाला आणि जयपूर पिंक पँथर्सने पुण्याला ३३-२९ असे हरवले. हा ३३-२९ आकडा लक्षात ठेवा.

पुढच्या वर्षी जून २०२३ मध्ये कोरिया देशात बुसान येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. अस्लमदादा भारताच्या संघात होते. भारताने अंतिम सामन्यात इराणला ४२-३२ असे हरवले.

आणि मग आली चीनमधली हांगझोऊची आशियाई स्पर्धा. तिचे नाव "२०२२ ची स्पर्धा" असे होते, पण कोरोनामुळे ती २०२३ मध्ये झाली. मला आधी हे कळत नव्हते, मंग गुरुजींनी समजावले. भारताला ही स्पर्धा जिंकायचीच होती. कारण १९९० पासून २०१४ पर्यंत दर वेळी सोन्याचे पदक भारताचेच होते, पण २०१८ साली जकार्ता येथे इराणने भारताला उपांत्य सामन्यात २७-१८ असे हरवले. भारताला ब्राँझवर थांबावे लागले. हांगझोऊला गेलेल्या भारतीय संघात आपल्या महाराष्ट्राचे दोघे होते. टाकळीभानचे अस्लम इनामदार आणि नाशिकचे आकाश शिंदे. दोघेही पुणेरी पलटणचे.

भारताने आधी बांगलादेश, थायलंड, तैपेई यांना हरवले. जपानला ५६-३० असे हरवले. उपांत्य सामन्यात पाकिस्तानला ६१-१४ असे हरवले. ७ ऑक्टोबर २०२३ ला अंतिम सामन्यात पुन्हा इराण समोर आला.

सामना शेवटाला आला तेव्हा गुण होते २८-२८. बरोबरी! भारताचे कप्तान पवन सेहरावत चढाईला गेले. ती करो या मरो चढाई होती. ते कोणालाही न शिवता कडेच्या पट्टीत गेले. आणि त्यांना धरायला इराणचे खेळाडूही त्यांच्या मागे पट्टीत आले. आता बाद कोण? एका नियमाप्रमाणे फक्त चढाई करणारा बाद आणि इराणला एक गुण. दुसऱ्या नियमाप्रमाणे जे पकडणारे स्पर्श नसताना पट्टीत आले तेही बाद. पंचांनी एकदा असा निर्णय दिला, मग तसा दिला. दोन्ही संघ चिडले. खेळाडू मॅटवर बसून राहिले. जवळजवळ एक तास खेळ थांबला. शेवटी भारताला तीन गुण आणि इराणला एक गुण दिला. म्हणजे ३१-२९. नंतर उरलेला खेळ झाला आणि भारत ३३-२९ असा जिंकला.

पाहा, तोच आकडा! दहा महिन्यांपूर्वी ३३-२९ ने अस्लमदादांचा संघ हरला तेव्हा ते बाहेर होते. आता ३३-२९ ने जिंकला तेव्हा ते संघात होते आणि गळ्यात सोन्याचे पदक होते.

माझे मत असे आहे की भारत जिंकला याचा मला आनंद आहे, पण एवढ्या मोठ्या स्पर्धेत नियम कोणता ते सामन्याच्या आधीच ठरवायला पाहिजे होते. आम्हीसुद्धा खेळ सुरू होण्याआधी ठरवतो की कडुलिंबाच्या मुळीपर्यंत आत आणि त्याच्या पलीकडे बाहेर. इराणच्या मुलांना पण लई वाईट वाटले असेल.

त्याच दिवशी भारताच्या मुलींनीही कबड्डीत सोने मिळवले. त्यांनी तैपेईला २६-२५ असे फक्त एका गुणाने हरवले, आणि ते त्या स्पर्धेतले भारताचे शंभरावे पदक होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मुलांच्या सामन्याचे भांडण सगळे सांगतात आणि मुलींचा एक गुण कोणी सांगत नाही.

आता लिलावाची गोष्ट. लिलाव म्हटले की आपल्याला वैजापूरच्या बाजार समितीतला कांद्याचा लिलाव आठवतो. प्रो कबड्डीतही लिलाव होतो. संघाचे मालक बोली लावतात आणि ज्याची बोली मोठी त्याच्याकडे खेळाडू जातो. मी हे घरी सांगितले तेव्हा आमचे आजोबा म्हणाले, "माणसांचा काय लिलाव करायचा?" पण ही खेळाडूची विक्री नसते, त्याला मिळणारा पगार ठरतो. हांगझोऊचा अंतिम सामना ७ ऑक्टोबरला झाला आणि ९ व १० ऑक्टोबरला मुंबईत हा लिलाव झाला. त्यात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुई यांना २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. शादलुई कोण? तर त्या अंतिम सामन्यातल्या इराणच्या संघातले! ज्यांच्याशी शनिवारी भांडण, तेच दोन-तीन दिवसांत आपल्या संघात. आणि पुणेरी पलटणचे नवे कप्तान झाले अस्लमदादा.

मला वाटले होते की यांचे पटणार नाही. पण फार छान पटले. दहाव्या हंगामात शादलुई सर्वांत चांगले पकडपटू ठरले आणि अस्लमदादा पूर्ण हंगामाचे सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले. संघाचे प्रशिक्षक बी. सी. रमेश होते. पुण्याने साखळीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि फक्त २ हरले. गुण ९६, सर्वांत वरचा नंबर. हे ९६ कसे झाले ते मी गणित करून पाहिले. जिंकल्यावर ५ गुण मिळतात, म्हणजे १७ पाचे ८५. बरोबरीचे ३, म्हणजे ३ त्रिक ९. झाले ९४. हरले तरी सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरले तर १ गुण मिळतो. दोन सामन्यांचे २. बरोबर ९६! म्हणजे पुणे जे दोन सामने हरले तेही थोडक्यातच हरले, हे मला गणितावरून कळले.

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादला अंतिम सामना झाला. समोर हरियाणा स्टीलर्स. पंकज मोहिते यांनी एकाच चढाईत चार गुण आणले. पुणे २८-२५ असे जिंकले. पुणेरी पलटणचे हे पहिलेच विजेतेपद. संघाला तीन कोटी रुपयांचे बक्षीस मिळाले. पारावरच्या माणसांनी विचारले होते काय भेटतं, तर हे भेटतं. पण हे सगळ्यांना भेटत नाही हेही खरे आहे. लीगमध्ये बाराच संघ आहेत, आणि कबड्डी खेळणारी मुले तर प्रत्येक गावात आहेत.

आता गुडघ्याचे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अकरावा हंगाम सुरू झाला. अस्लमदादाच कप्तान होते. पण खेळताना त्यांच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि उरलेला हंगाम त्यांना खेळता आला नाही. कबड्डीत गुडघा लवकर दुखावतो, कारण पळता पळता एकदम वळायचे असते आणि त्याच वेळी कोणीतरी पायाला मिठी मारून लटकते. पाय एकीकडे राहतो आणि अंग दुसरीकडे जाते. आदल्या हंगामात पहिला आलेला पुण्याचा संघ या वेळी आठवा आला. अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ ला होता आणि तो नेमका पुण्यातच, बालेवाडीला होता. आपल्या घरी लग्न आणि आपणच मांडवाबाहेर, असे झाले. हरियाणा आणि पाटणा खेळले, हरियाणा जिंकले.

एवढे वाचल्यावर माझ्या मैत्रिणीने नियम काढला की अस्लमदादा असले की पुणे जिंकते आणि नसले की हरते. नियम चांगला होता, पण पुढच्या वर्षी मोडला. २०२५ च्या बाराव्या हंगामात अस्लमदादांचा गुडघा बरा झाला होता. ते परत कप्तान म्हणून आले. पुण्याचा संघ साखळीत पुन्हा पहिला आला. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत अंतिम सामना झाला. समोर दबंग दिल्लीचा संघ, म्हणजे त्यांच्याच घरच्या मैदानावर. या वेळी अस्लमदादा होते, तरी पुणे हरले. ३१-२८. फक्त तीन गुण.

तीन गुण म्हणजे किती, हे आम्ही मधल्या सुट्टीत घड्याळ लावून मोजले. पहिल्या वेळी आमच्या वर्गातल्या एका मुलीने एकाच चढाईत दोन गडी आणि बोनस मिळवला, १९ सेकंदांत. दुसऱ्या वेळी सगळी सुट्टी संपली, घंटा झाली, तरी तीन गुण काही झाले नाहीत.